साडेतेवीस

पुलापलीकडच्या दुकानात फेब्रुवारीतच ठरवले होते ते बूट.
पांढरे, सॅटिनचे, टाच माझ्या मधल्या बोटाएवढी.
दर शनिवारी लारेडोहून चालत जायचं,
थोडे पेसो ठेवायचे,
बाई वहीत एक टिंब काढायची
आणि खोका पुन्हा फळीवर.
चौतीस टिंबं झाली तेव्हा ऑक्टोबर लागला होता.

माप मी चोरून घेतलं, यारेली.
तू झोपलेली असताना
टायरच्या पावतीपुस्तकाचा पुठ्ठा तळव्याला लावला,
पेन्सिल फिरवली.
गुदगुल्या होऊन झोपेतच पाय ओढलास,
करंगळीपाशी रेघ जरा वाकडी गेली.
साडेतेवीस.
ट्रक दारात वळला की चाकाचं माप मी लांबून सांगतो,
बावीस वर्षांत चुकलो नाही.
पण चाकं काही दिसामासांनी वाढत नाहीत.

बाहुली तुझ्या आईच्या वाट्याची.
शेवटची बाहुली. खेळायची नाही,
हातात घ्यायची, आणि धाकटीला देऊन टाकायची.
तुझ्या झग्यातून उरलेल्या जांभळ्या कापडाचा
तिनं तसाच झगा बेतला, वीतभर,
आणि त्याला खिसा लावला.
बाहुलीला कशाला खिसा, एउलालिया?
दातांनी दोरा तोडत म्हणाली,
असू दे. बाईला खिसा लागतो.
ती पंधराची झाली त्या दिवशी
कोळंबी सोलत होती, बर्फाच्या खोलीत,
आणि संध्याकाळी कुणीतरी तिला एक संत्रं दिलं होतं.
हे तिनं मला एकदाच सांगितलंय.

हॉलच्या मधोमध खुर्ची.
तू बसलीस आणि झग्यात खुर्ची बुडाली.
मावसबहिणीनं उशीवरून बूट आणले,
जसे काही देवळातून आणलेत.
मी गुडघे टेकले.
त्याची मला सवय आहे, दिवसातून वीसदा टेकतो,
फक्त खाली काँक्रीट असतं
आणि दीडशे माणसं फोन उंच धरून बघत नसतात.
तुझा सपाट बूट काढला. तो सहज निघाला.
नवा चवड्यापर्यंत गेला,
आणि थांबला.

लावला जोर. टाच हटून बसली.
वाजंत्रीवाल्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली,
मग आणखी एकदा.
तीन दिवस लिंबू चोळूनही नखातलं काळं गेलं नव्हतं;
सॅटिनवर माझा अंगठा उमटला, स्पष्ट,
जसा कागदावर उठवतात.
तेवढ्यात तू वाकलीस.
लोकांना वाटलं, बापाचा मुका घेतेय.
कानात म्हणालीस,
पापा, टाच राहू दे बाहेर.
झगा आहे ना.

आमच्यात म्हणतात,
खुर्चीवर बसते ती मुलगी, उठते ती बाई.
तू उठलीस ती चवड्यांवर.
एक दोन तीन, एक दोन तीन.
माझ्या बहिणी डोळे पुसत म्हणाल्या,
पोरगी कशी तरंगतेय बघा.
खांद्यावरचा तुझा हात जड होता.
सगळा भार तू तिथं टाकला होतास
आणि हसत होतीस सगळ्यांकडे बघून.
मी पावलं मोजत होतो. चुकलो असेन.

रात्री दोन वाजता पिकअपमध्ये
मिरेया मागे झोपलेली, बाहुली पोटाशी,
खिशात केकवरचा साखरेचा मणी चिकटलेला.
तुझे पाय डॅशबोर्डवर, अनवाणी,
टाचांना लाल वळ.
मी म्हटलं, शनिवारी बदलून आणतो.
नको.
मग खरा नंबर किती तुझा?
साडेचोवीस.
एवढ्यात?
एवढ्यात कसला, पापा,
जूनपासून आईचे घालतेय मी.

एउलालिया खिडकीबाहेर बघत होती.
तिला माहीत होतं.
सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला होता,
मागे कुणी नव्हतं,
मी गिअर टाकला नाही.